पिचर बदलला की रेडिओ बंद

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी कार वॉशच्या बोगद्यात होतो. गाडी न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकवरून काढलेला, खालचा पट्टा गाडीला आपोआप पुढे ओढतोय, चारी काचांवर फेस... आणि बाजूच्या सीटवरचा फोन उजळला. मिलिंदच्या मुलीचा, मैत्रीचा मेसेज होता. ‘अभय काका, बाबा आज पहाटे गेले. हार्ट. आई ठीक आहे. कॉल व्हेन यू कॅन.’ त्या बोगद्यात गाडी थांबवता येत नाही, दार उघडून बाहेर पडता येत नाही, हॉर्न वाजवून उपयोग नसतो. वरून ब्रश आले, बाजूंनी फवारे आले, मग गरम हवेचे पंखे आले आणि काचेवरचे थेंब वरच्या दिशेनं पळत सुटले. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता सांगायचं कायमचं राहिलं. मित्र गेला, हा विचार त्याच्यानंतर आला. बाहेर ऊन होतं. गाडी पुसायला उभ्या असलेल्या माणसानं हात करून मला पुढे यायला सांगितलं, आणि मला काही केल्या गिअर कुठला टाकायचा ते सुचेना.

त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या जुन्या ग्रुपवर खूप लोकांनी खूप लिहिलं. गुणी माणूस, सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मेसेजच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं... नशिबानं साथ दिली नाही बिचाऱ्याला. ते वाक्य वाचलं की मी फोन उलटा ठेवायचो. मिलिंदच्या नशिबाला नाव आहे, आणि ते या लेखाच्या खाली छापलं जाईल.

आमची ओळख सांता क्लारातली. एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही दोघं एकाच महिन्यात रुजू झालो. मी पुण्याचा, तो नागपूरचा, दोघांचेही विसा कंपनीच्या हातात, आणि बसायला शेजारशेजारची क्युबिकल्स. पहिल्याच आठवड्यात त्यानं डब्यात सावजी चिकन आणलं आणि पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं. सगळा मजला खोकायला लागला. मी घाबरून म्हटलं, “अरे, कम्प्लेंट करतील लोक!” तो घास तोंडात ठेवून म्हणाला, “फायर अलार्म नाही ना वाजला? म्हणजे सुजातानं आज तिखट कमी टाकलं.” सुजाता म्हणजे त्याची बायको. पुढे कितीतरी रविवार मी त्यांच्याकडे जेवलो. त्यांची मुलगी मैत्री तेव्हा एवढीशी होती, माझ्या बुटांच्या नाड्या सोडायची आणि एकमेकींना बांधून ठेवायची. निघताना मी अडखळलो की मिलिंद म्हणायचा, “पाहा, पुण्याचा माणूस कसा वाकला!”

बेसबॉल मला त्यानं शिकवला. तो स्वतः शिकला रेडिओवरून. कुठल्यातरी घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्याला हाताएवढा एक रेडिओ मिळाला होता. त्याची एरिअल मधोमध मोडलेली, तिला त्यानं काळी टेप गुंडाळली होती. अमेरिकेत आल्यावर लोकांचं इंग्रजी पटकन कळेना म्हणून तो मॅचची कॉमेंटरी ऐकायला लागला. कॉमेंटरीत तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि मध्ये भरपूर वेळ असतो, म्हणून ते बरं पडतं, असं त्याचं म्हणणं. इंग्रजी आलं आणि बेसबॉल सुटला नाही. सॅन होजेमध्ये छोट्या लीगचं एक जुनं स्टेडियम आहे, तिथे तो मला न्यायचा. मॅच समोर चाललेली असायची आणि याच्या कानाला रेडिओ. मी म्हणायचो, दिसतंय ना समोर? तर म्हणायचा, “दिसतं ते दिसतं. पण काय झालं ते कुणीतरी सांगावं लागतं बे.”

त्याचा सगळा जीव पिचरमध्ये. पिचर म्हणजे आपल्या बोलरसारखा, फलंदाजाकडे चेंडू टाकणारा. पण बेसबॉलमध्ये एक अजब रीत आहे. मॅच संघ जिंकतो, तरी ती जीत एका पिचरच्या नावावर लिहितात, आणि हार दुसऱ्या संघाच्या एका पिचरच्या नावावर. विन आणि लॉस. आपल्याकडे बोलरच्या नावापुढे विकेट लिहितात, तो किती मॅच हरला असं कुणी लिहीत नाही. इथे पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आले. त्यातून गंमत अशी, की पिचरनं सुरेख टाकलं, सगळ्या मॅचमध्ये एकच रन दिली, पण त्याच्या बाजूच्या फलंदाजांनी एकही काढली नाही, तर लॉस त्याच्या नावावर. तो पुढे असताना बाहेर गेला आणि मागून आलेल्यानं आघाडी घालवली, तर त्याला काहीच नाही. आणि तो आघाडी घालवणारा मैदानात असतानाच संघ पुन्हा पुढे गेला, तर विन बऱ्याचदा त्यालाच मिळते. ज्यानं घाण केली त्यालाच!

माझा पहिला सामना मला लख्ख आठवतो. शनिवारची दुपार, एक काटकुळा, लांब हातांचा पोरगा टाकत होता. सुरेख टाकत होता, एवढं मलाही कळलं. फिल्डरच्या हातातून चेंडू निसटला आणि एक रन गेली. त्याच्या संघाची पाटी शून्यावर. थोड्या वेळानं कोच चालत आला, त्यानं पोराच्या हातातून चेंडू घेतला, आणि पोरगा मान खाली घालून बाहेर गेला. मिलिंदनं कानावरचा रेडिओ खट्‌कन बंद केला आणि उठून उभा राहिला.

“चल.”

“चल काय? मॅच राहिलीय अजून!”

“मी याच्यासाठी आलो होतो. हा गेला, माझी मॅच संपली.”

“अरे पण जिंकणार कोण ते तरी...”

“ते उद्या पेपरात येईल. याच्या नावावर लॉस येईल, पाहशील तू.”

मी शेवटपर्यंत बसलो, तो गाडीपाशी जाऊन थांबला. पेपरात तसंच आलं. ही त्याची सवय शेवटपर्यंत. ज्या पिचरसाठी मॅच लावली तो बाहेर गेला की रेडिओ बंद. निकालासाठी तो थांबला आहे असं मी एकदाही पाहिलं नाही. मी मात्र शेवटचा माणूस बाद होईपर्यंत जागचा न हलणारा. आमचा वाद यावरच. परतताना गाडीत मी त्याला म्हटलं, “हे बघ, शेवटी रेकॉर्डच खरा. बाकी सगळ्या सबबी. काही लोकांना जिंकायचं कसं ते कळतं, काहींना नाही कळत.”

“रेकॉर्ड खोटा आहे असं मी म्हणतच नाही ना. वीस वर्षं टाकलं एखाद्यानं, तर त्याच्या रेकॉर्डमध्ये काहीतरी दिसतं. निदान एवढं दिसतं, की लोकांनी त्याच्या हातात पुन्हा पुन्हा बॉल दिला. पण एका सीझनचा? त्यात पिचर कमी दिसतो, टीम जास्त. नाव मात्र त्याचं एकट्याचं.”

“मग त्यानं सांगावं ना. माझ्या लोकांनी रन नाही काढल्या म्हणून.”

तेव्हा तो हसला. म्हणाला, “नाही बे. पिचरनं स्वतः बोलायचं नसतं. त्यानं तोंड उघडलं की संपला तो, मग म्हणतात, रडतो साला. ते दुसऱ्यानं बोलायचं असतं. ज्यानं पाहिलंय त्यानं.” मग सिग्नलला थांबल्यावर, रस्त्याकडे बघत म्हणाला, “कॉलेजात आमचं नाव लिस्टमध्ये कुठल्या रकान्यात आहे ते लोक आधी पाहायचे. पेपर कसा लिहिला ते कोणी पाहिलं नाही. सवय आहे आपल्याला.” हिरवा दिवा लागला. काय बोलावं ते मला कळलं नाही, आणि न कळण्यात सोय होती.

मिलिंदच्या कामाबद्दल आता लिहायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. कंपनीत तो चार प्रोजेक्टवर होता. पहिलं वरच्यांचा विचार बदलला म्हणून गुंडाळलं. दुसऱ्याचा ग्राहक पळाला. तिसरं त्यानं पायापासून उभं केलं, सर्व्हर बंद पडला तरी लोकांचा डेटा हरवू नये यासाठीची सगळी यंत्रणा त्याची. आणि ते बाजारात यायच्या थोडं आधी टीमची फेरफार झाली. प्रोजेक्ट माझ्याकडे आलं, तो चौथ्यावर गेला. मी येऊन फार काही केलं नाही. केक मात्र माझ्या नावाचा कापला गेला. त्या दिवशी मिलिंद केकचा तुकडा घेऊन माझ्या क्युबिकलला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “तू रिलीव्हर, अभ्या. शेवटी आला, दोन बॉल टाकले आणि विन घेऊन गेला.” आम्ही दोघंही हसलो. त्याच्या हसण्यात खोट नव्हती. त्या विनवर मी मॅनेजर झालो. चौथं प्रोजेक्ट बजेटच्या कपातीत बंद पडलं, मिलिंद माझ्या टीममध्ये आला, आणि माझा मित्र माझा रिपोर्ट, म्हणजे माझ्या हाताखालचा माणूस, झाला.

त्या वर्षी कंपनीला माणसं कमी करायची होती. आम्ही मॅनेजर लोक एका काचेच्या खोलीत बसलो होतो, पडद्यावर एकेक नाव यायचं आणि ज्याच्या टीमचं नाव असेल त्यानं त्याच्याबद्दल बोलायचं. आमचा वरिष्ठ ग्रेग, कॉलेजात बेसबॉल खेळलेला, मोठ्यानं हसणारा, तसा वाईट नसलेला माणूस. त्याच आठवड्यात कॉफी घेताना तो मला मजेत म्हणाला होता, “यू गाइज रिअली लुक आउट फॉर इच अदर, डोन्ट यू?” तुम्ही लोक एकमेकांना चांगलं सांभाळून घेता. एवढंच. ते वाक्य माझ्या अंगाला चिकटलं. इथे आलेल्या आपल्यातल्या पुष्कळांना हा रोग मी पाहिला आहे. परक्यांसमोर आपल्या माणसाची बाजू घेतली तर आपण पक्षपाती दिसू, म्हणून परक्यापेक्षाही आपल्या माणसाला कडक मोजायचं, आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हणायचं. खोलीत शिरतानाच मी ठरवलं होतं, की मिलिंदच्या नावाला आपला आवाज ओला होऊ द्यायचा नाही.

पडद्यावर त्याचं नाव आलं. ग्रेग म्हणाला, “ओके, व्हॉट हॅज ही शिप्ड?” यानं बाजारात काय आणलं? मी म्हणालो, “गुड आर्म. बट ही इज झिरो अँड फोर.”

हात चांगला आहे, पण शून्य विन, चार लॉस.

खोली हसली. ग्रेगनं टेबलावर थाप मारली. “झिरो अँड फोर! आय लव्ह इट!” एका हिंदुस्थानी माणसानं त्यांच्या खेळातली भाषा अशी अचूक वापरली याचं सगळ्यांना कोण कौतुक! माझे कान आनंदानं गरम झाले होते. खरं सांगतो, आनंदानं. आणि तेवढ्यात पडद्यावर पुढचं नाव आलं.

ती भाषा मला कुणी दिली होती? आणि त्या खोलीत ग्रेगसारखा श्रोता बसला होता, ज्याला एका वाक्यात सगळं कळलं असतं. त्याच्या मागच्यांनी रनच काढल्या नाहीत, ग्रेग. त्याच्या तिसऱ्या मॅचची विन माझ्या खिशात आहे. एवढं म्हटलं असतं तर तो माणूस थांबला असता. बाकी कुणाला नसतं कळलं, त्याला कळलं असतं. जो स्वतः बोलू शकत नव्हता त्याच्यासाठी बोलायला त्या खोलीत एकच माणूस होता, ज्यानं पाहिलं होतं. त्यानं विनोद केला.

मी जातीचा विचार मनात आणला नव्हता, असं स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खरंही असेल. माझ्यासारख्याला तो मनात आणावा लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुठल्या रकान्यात आहे ते आधी पाहायचं आणि पेपर उघडायचा नाही, हे मी त्या दिवशी इंग्रजीत केलं.

मिलिंदला सांगायचं काम एचआरनं केलं. विसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की घड्याळ लागतं, ठरावीक मुदतीत दुसरी कंपनी शोधा नाहीतर देश सोडा. सुजाताचा कॉलेजचा कोर्स संपत आला होता, तो तसाच सुटला. मैत्रीच्या वाढदिवसाची बोलावणी वर्गात वाटून झाली होती, ती तिनं परत गोळा करून आणली. मिळेल ते घ्यायचं म्हणून मिलिंदनं जॉर्जियात, अल्फारेटाला, दुसऱ्यांच्या जुन्या सिस्टिमची डागडुजी करण्याचं काम घेतलं. वीस वर्षं टाकण्याचा हात असलेला माणूस उरलेलं आयुष्य तेच करत राहिला. घर रिकामं करताना खोकी उचलायला मी होतो. एअरपोर्टवर सोडायला मी होतो. मैत्री गाडीत रडत होती आणि तिला मी काहीतरी गमतीचं सांगत होतो. ट्रॉलीवर बॅगा चढवताना मिलिंद म्हणाला, “मन खराब नको करू अभ्या. वरून आकडा आला होता. तू भांडला असशील, मला माहीत आहे.”

मी म्हणालो, “अरे, सोड ना ते.”

सोड ना ते! नम्रपणानं म्हणावं तसं. त्यानं ते तसंच घेतलं.

त्यानंतर दर वसंतात, सीझन सुरू व्हायच्या दिवशी, त्याचा फोन यायचा. “चला, सुरू झालं बे!” मागे रेडिओची खरखर. दर वर्षी मी ठरवायचो, की या वेळी सांगायचं. सांगायला वाक्यही तयार असायचं. आणि दर वर्षी तो आधी सुजाताच्या पाठीचं सांगायचा, मैत्रीच्या मार्कांचं सांगायचा, मग एखाद्या नव्या पिचरबद्दल, याला टीम भिकार मिळालीय पण हात बघ, हात... आणि फोन संपायचा. बेसबॉलमधले जाणते लोकही आता त्याच्यासारखंच बोलायला लागले होते. विन-लॉसवरून पिचर ओळखू नये असं टीव्हीवर सांगायला लागले. मी त्याला एकदा म्हटलं, “तुझं खरं निघालं.” तर म्हणाला, “हो ना. ज्यांचं करिअर त्याच्यात गेलं त्यांना फोन करून सांगतात का आता?” आणि हसला. मी फोन धरून उभा होतो. फोन तर चालूच होता. तरी मी सांगितलं नाही.

शेवटचं भेटलो ते गेल्या वर्षी, मी कामासाठी अटलांटाला गेलो होतो तेव्हा. त्याच्या घरामागच्या लाकडी ओट्यावर बसलो होतो. तो वाळला होता, जिना चढून आला की बोलायच्या आधी थोडा थांबायचा. मी विचारलं तर म्हणाला, “अरे, वय झालं, पिच काउंट वाढला.” पिच काउंट म्हणजे टाकून झालेल्या चेंडूंचा आकडा, तो वाढला की पिचरला बाहेर काढतात. रेडिओ मध्ये टेबलावर, एरिअलला तीच टेप. मी त्या दिवशी तोंड उघडलं होतं. “मिलिंद, त्या वर्षीचं एक मला...” आणि तेवढ्यात रेडिओत कोच मैदानात चालत आला. मिलिंदनं बोट वर करून मला थांबवलं, पिचर बाहेर गेल्याचं ऐकलं, आणि बटण फिरवलं. “हं, बोल.” मी म्हटलं, “काही नाही रे, जेवायला काय आहे?” त्यानं आत बघून हाक मारली, “सुजाता, पुण्याचे पाहुणे स्वतःहून जेवायला मागून राहिले! लिहून ठेव कुठंतरी!”

त्याच्या अंत्यविधीला अल्फारेटाच्या फ्युनरल होममध्ये नागपूर-अमरावतीकडची पुष्कळ मंडळी पांढऱ्या कपड्यांत जमली होती. बुद्धवंदना सुरू झाली. इतक्या वर्षांच्या मित्राच्या घरची प्रार्थना मला येत नव्हती. मी नुसते ओठ हलवत उभा होतो. नंतर कॉफीच्या टेबलापाशी मैत्री आली. आता नोकरी करते ती, बापासारखीच उंच, बोलता बोलता थांबते तीही तशीच. शेजारी सुजाता होती. मैत्रीच्या हातात रेडिओ होता.

“काका, बाबा वॉज गुड, राइट? ॲट हिज जॉब, आय मीन. ते कधीच काही सांगायचे नाहीत. आय ओन्ली नो की त्यांना काढलं होतं.”

मी म्हटलं, “खूप चांगला होता.”

“बाबा नेहमी म्हणायचे, अभय त्या रूममध्ये होता. तो माझ्यासाठी भांडला. यू डिड, राइट?”

सुजाता माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. दमलेल्या माणसाला बसायला खुर्ची हवी असते, तसं ती बघत होती. आणि मी म्हणालो, “हो.”

मैत्रीनं रेडिओ माझ्या हातात ठेवला. “मग हा तुमचा.”

जुन्या गुन्ह्याबद्दल माणूस स्वतःला हजार गोष्टी सांगू शकतो. तेव्हा भीती होती, नवं पद होतं, कंपनी तशी होती. या ‘हो’ला काय सांगू? तो मेल्यावर, त्याच्या मुलीला, त्याच्या बायकोसमोर... परतीच्या विमानात रेडिओ माझ्या मांडीवर होता. सिक्युरिटीवाल्यानं तो उलटासुलटा करून पाहिला होता आणि विचारलं होतं, “डझ इट वर्क?” मला उत्तर माहीत नव्हतं. मी घरी येऊन तो कपाटात ठेवला. ऑफिसात रेटिंगच्या बैठका सुरू झाल्या होत्या, पडद्यावर नावं यायला लागली, आणि मी बाथरूमला जातो सांगून पार्किंगमध्ये जाऊन बसलो.

शेवटी एका रविवारी सकाळी मैत्रीला फोन केला आणि सांगितलं. विनोदासकट. लोक हसले हेही. माझे कान गरम झाले होते हेही. तिच्याकडून काही आवाज येईना, म्हणून मी विचारलं, “आहेस ना?”

“आहे. काका, मी तुम्हाला विचारलं होतं. आईसमोर.”

“हो.”

“अँड यू सेड हो.”

“हो.”

मग तिनं विचारलं, “सो... वॉज ही गुड? ऑर वॉज दॅट ऑल्सो...”

तेव्हा मी तिला सांगितलं, आणि इथेही तेच लिहितो, कारण हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. तुझ्या बाबानं लिहिलेली ती यंत्रणा आजही चालू आहे. कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, प्रॉडक्टचं नाव बदललं, वरचं सगळं नवीन झालं, पण खाली ती तशीच आहे. प्रॉडक्ट बाजारात आलं त्या दिवशी माझा फोन एकदाही वाजला नाही. काहीच बिघडलं नाही म्हणून कुणी विचारलंही नाही, हे कुणी केलं म्हणून. त्याच्या हाताखाली काम सांभाळायला शिकलेली पोरं आज मोठमोठ्या जागी आहेत आणि अजून त्याच्या पद्धतीनं एकेक गोष्ट दोनदा तपासतात. तो आमच्यातला सर्वांत चांगला इंजिनिअर होता, मी त्याच्या शेजारी बसत होतो, मी पाहिलंय. त्याच्या नावावर चार लॉस आहेत. त्यातला एकही त्याचा नाही, आणि माझी एक विन त्याची आहे.

ती ऐकत होती. मध्ये एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, हे सगळं मी लिहून छापायला देणार आहे, तुझी आणि आईची परवानगी असेल तर.

“लिहा. आईला मी सांगते. पण काका, इट वोन्ट बी फॉर बाबा. बाबांना त्या दिवशी हवं होतं.” मग एकदम लहानपणीसारख्या आवाजात म्हणाली, “रेडिओ परत पाठवा, प्लीज.”

आज खोकं आणलं. जेवणाच्या टेबलावर जुने टॉवेल, टेप, तिचा पत्ता लिहिलेलं लेबल, सगळं मांडून बसलो. आत ठेवायच्या आधी सहज बटण फिरवलं तर तो चालू झाला. दुपारची मॅच होती. खरखरीतून कॉमेंटेटर सांगत होता, पिचर सुंदर टाकतोय, एकच रन दिलीय, पण त्याच्या फलंदाजांचं आज खातंच उघडेना. मी टॉवेल हातात धरून ऐकत राहिलो. मग गर्दीचा आवाज बदलला. कोच निघाला होता, चालत, हात पुढे करून.

आयुष्यात मी कुठलीच मॅच अर्धी सोडलेली नाही. बोट बटणावर होतं आणि ते हलेना. कॉमेंटेटर म्हणाला, संघ जर असाच हरला तर लॉस याच्या नावावर... आणि मी बटण फिरवलं.

एरिअल खाली ढकलून पाहिली, पण जिथे त्यानं टेप गुंडाळली आहे तिथून ती आत जात नाही. खोकं बंद होत नाही. टेप काढली तर एरिअल तुटेल. उद्या मोठं खोकं आणतो.